कॅनिंग टाउनचा क्लाइव्ह, पोर्टलंडचे मास्तर

ऑलिंपिकमध्ये महिलांचा फुटबॉल पहिल्यांदा खेळला गेला तो 1996 साली, अटलांटाच्या स्पर्धेत. अंतिम सामना 1 ऑगस्टला जॉर्जिया विद्यापीठाच्या मैदानावर झाला. समोर चीनचा संघ होता आणि मैदानात 76,481 प्रेक्षक. अमेरिकेने सामना 2-1 असा जिंकला. पहिला गोल शॅनन मॅकमिलनने केला, विजयाचा गोल टिफेनी मिलब्रेटने. चार दिवस आधी नॉर्वेविरुद्धचा उपांत्य सामना जादा वेळेत गेला होता, तेव्हा राखीव म्हणून उतरलेल्या मॅकमिलननेच काही मिनिटांत गोल मारून अमेरिकेला अंतिम फेरीत नेलं होतं. म्हणजे त्या सुवर्णपदकाच्या वाटेवरचे शेवटचे तिन्ही गोल या दोघींचे. दोघीही एकाच कॉलेजच्या, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या. कॉलेज म्हणजे ओरेगन राज्यातलं पोर्टलंड विद्यापीठ, आणि प्रशिक्षकाचं नाव क्लाइव्ह चार्ल्स.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. रविवारी रात्री जागून इंग्लिश प्रीमियर लीग बघणाऱ्या आपल्या मुलांना वेस्ट हॅम ठाऊक असतं, बॉबी मूरही ठाऊक असतो. त्याच वेस्ट हॅमकडून लीगचे फक्त 14 सामने खेळलेला डावा बचावपटू पुढे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमधला अव्वल शिक्षक कसा झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. खेळाडूची आणि प्रशिक्षकाची कारकीर्द या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे आपण बोलायला बोलतो. प्रशिक्षक नेमायची वेळ आली की मात्र आपली नजर जुन्या शतकवीराकडे किंवा गोल करणाऱ्याकडेच जाते.

क्लाइव्हचा जन्म 3 ऑक्टोबर 1951 चा. तो वाढला पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनमध्ये. थेम्सकाठची गोदी, बोटींवर आणि धक्क्यावर राबणारी माणसं, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीने मोडलेल्या आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या चाळवजा वस्त्या, असा तो भाग. वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचे, जहाजावर काम करणारे. आई पूर्व लंडनमधलीच, गोरी. घर मुलाबाळांनी भरलेलं. थोरला भाऊ जॉन त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, तोही वेस्ट हॅमचाच. 1962 मध्ये जॉन इंग्लंडच्या युवा संघातून खेळला. कोणत्याही वयोगटात इंग्लंडकडून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. पुढच्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली वेस्ट हॅमच्या पोरांनी एफए यूथ कप जिंकला. धाकट्याला वाट दाखवणारा माणूस असा घरातच होता.

ती वाट काही सोपी नव्हती. वेस्ट हॅममधला क्लाइव्हचा सहकारी क्लाइड बेस्ट, बर्म्युडाहून आलेला आडदांड आघाडीपटू, याला एकदा निनावी पत्र आलं होतं: मैदानात येताना बोगद्यातून बाहेर पडलास की तोंडावर ॲसिड फेकू. बेस्टने पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातच त्या ॲसिडचा उल्लेख आहे. प्रेक्षकांतून माकडाचे आवाज काढणं, केळी फेकणं हे त्या काळी इंग्लंडच्या मैदानांवर उघडपणे चालायचं आणि कुणी कुणाला हटकत नसे. अशा वातावरणात मार्च 1972 मध्ये क्लाइव्ह वेस्ट हॅमकडून पहिल्यांदा उतरला. लगेच 1 एप्रिलला टॉटनहॅमविरुद्ध व्यवस्थापक रॉन ग्रीनवुड यांनी क्लाइड बेस्ट, नायजेरियात जन्मलेला अ‍ॅडे कोकर आणि क्लाइव्ह चार्ल्स अशा तिघांना एकाच संघात घेतलं. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत एका संघातून तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र उतरल्याची ती पहिली वेळ. आज तिथल्या कोणत्याही संघाची यादी काढा, त्या दिवसाचं मोल लक्षात येईल.

वेस्ट हॅम हा क्लब आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. 1950 च्या दशकात तिथले खेळाडू सराव संपला की मैदानाजवळच्या कॅसेटारीच्या कॅफेत जमत. टेबलावरच्या मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या सरकवत ते तासन्‌तास वाद घालत: बचावपटू इथे आला तर मधल्याने कुठे जायचं, चेंडू गेल्यावर मोकळी जागा कुणी भरायची. मीठ एक संघ, मिरपूड दुसरा. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी माल्कम अ‍ॅलिसन, डेव्ह सेक्स्टन, फ्रँक ओ'फॅरल, जॉन बाँड, नोएल कँटवेल असे कितीतरी जण पुढे मोठ्या क्लबांचे प्रशिक्षक झाले. क्लाइव्ह त्यांच्यानंतरच्या पिढीतला. पण खेळ हा आधी डोक्याने खेळायचा असतो आणि तो शिकवता येतो, ही त्या क्लबातली श्रद्धा त्याच्या वाढत्या वयातही टिकून होती. ग्रीनवुड स्वतः त्याच विचाराचे. चार्ल्स यांच्या पुढच्या कामाचं मूळ मला या वातावरणात दिसतं. ज्याला संघात जागा सहज मिळत नाही तो बाकावर बसून जास्त बघतो, हेही खरंच.

जागा त्याला मिळालीच नाही. फक्त 14 लीग सामने. 1974 मध्ये तो वेल्समधल्या कार्डिफ सिटीकडे गेला. तिथे मात्र तो रुजला, संघाचा कर्णधार झाला. ब्रिटनमधल्या व्यावसायिक क्लबांच्या पहिल्या काही कृष्णवर्णीय कर्णधारांत त्याची गणना होते. 1976 मध्ये कार्डिफने तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. कार्डिफचा गोलरक्षक होता बिल अर्विन, उत्तर आयर्लंडचा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

तोपर्यंत जॉनचा खेळ संपला होता. ज्या क्लबासाठी तो शंभरावर सामने खेळला, ज्याच्या पोरांचं त्याने नेतृत्व केलं, त्या क्लबात किंवा फुटबॉलमध्ये त्याचं पुढचं आयुष्य गेलं नाही. तो फळं-भाजी विकायच्या धंद्यात पडला. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय माणूस संघाला शिकवतोय, हे चित्र त्या काळी डोळ्यांसमोर येण्यासारखंच नव्हतं. क्लाइव्ह इंग्लंडमध्ये राहिला असता तर त्याचंही जॉनसारखंच झालं असतं, असं म्हणायला पुष्कळ जागा आहे. 1978 मध्ये तो पोर्टलंड टिंबर्सकडे गेला आणि सगळं बदललं.

अमेरिकेत तेव्हा नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग भरात होती. न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडे पेले येऊन गेले होते, बेकनबाउर होते. पोर्टलंड हे त्या मानाने लहान, पावसाळी, लाकडाच्या व्यापारावर मोठं झालेलं शहर. 1975 मध्ये टिंबर्सने पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली आणि गाव वेडं झालं. क्लाइव्ह आला त्याच वर्षी एक लाकूडतोड्या मैदानात चेनसॉ घेऊन यायला लागला. गोल झाला की ओंडक्याची चकती कापून गर्दीला दाखवायचा. वेस्ट हॅमचा जुना सोबती क्लाइड बेस्टही तिथेच खेळत होता. कॅनडाचा ब्रायन गँटही त्याच संघात होता. लंडनमध्ये ज्यांना शिव्या खाव्या लागल्या त्यांना इथे रस्त्यात थांबवून लोक हस्तांदोलन करत. कार्डिफचा बिल अर्विनही पुढे याच संघात आला.

पैसा मात्र आटत गेला. 1982 मध्ये टिंबर्स बंद पडले, दोन वर्षांनी अख्खी लीगच. क्लाइव्ह काही काळ पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिसच्या संघांकडून बंदिस्त मैदानातला फुटबॉल खेळला. मग परत पोर्टलंडला आला आणि तिथल्या एका हायस्कूलच्या मुलांना शिकवू लागला. वेस्ट हॅमचा माजी खेळाडू, संध्याकाळी शाळेच्या पोरांना शिकवतोय. बऱ्याच जणांची कारकीर्द इथेच संपते. त्यांची इथे सुरू झाली.

1986 मध्ये पोर्टलंड विद्यापीठाने चार्ल्स यांना पुरुष संघाचे प्रशिक्षक नेमलं. हे विद्यापीठ 1901 मध्ये सुरू झालेलं, होली क्रॉस या कॅथलिक संघाचं, विलामेट नदीच्या उंच काठावर वसलेलं. अमेरिकेतल्या मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांपुढे अगदीच लहान, विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल त्यांनी कधीच बंद केला होता, त्यामुळे गावाचं सगळं प्रेम सॉकरच्या वाट्याला आलं.

अमेरिकेतल्या कॉलेज प्रशिक्षकाचं काम आपल्या वाचकांना थोडं उलगडून सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याच्यासारखं पदच नाही. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. तीन-साडेतीन महिन्यांत वीसेक सामने. उरलेलं वर्षभर प्रशिक्षक शाळांच्या मैदानांवर मुलं हेरत फिरतो, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो, मोजक्या शिष्यवृत्त्या कुणाला किती वाटायच्या याचा हिशेब करतो. मुलगा परीक्षेत मागे पडला तर तो मैदानात उतरू शकत नाही, म्हणून अभ्यासावरही लक्ष ठेवावं लागतं. चार वर्षांनी प्रत्येक जण निघून जातो. संघ बांधला, चांगला खेळू लागला, की मोडतो, पुन्हा बांधायचा. क्लबमधला प्रशिक्षक पैसे टाकून तयार खेळाडू आणतो. इथे अठरा वर्षांचं पोर घेऊन ते बावीसाव्या वर्षी जगात सोडायचं असतं. याला मी शिकवणं म्हणतो.

चार्ल्स यांनी तिसऱ्याच वर्षी, 1988 मध्ये, पुरुष संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेलं. त्या संघाचा गोलरक्षक केसी केलर पुढे इंग्लंडला गेला आणि मिलवॉल, लेस्टर, टॉटनहॅमसाठी खेळला. इंग्लंडने ज्याला बाकावर ठेवलं त्याच्या शिष्याला इंग्लंडच्या क्लबांनी गोलपोस्टमध्ये उभं केलं. पुढे स्टीव्ह चेरुंडोलो दोन वर्षं पोर्टलंडमध्ये राहिला आणि जर्मनीच्या हॅनोव्हर 96 कडे गेला. तिथे तो पंधरा वर्षं एकाच क्लबात खेळला आणि त्या गावाचा लाडका झाला.

1989 मध्ये विद्यापीठाने महिला संघही चार्ल्स यांच्याच हाती दिला. यापुढे दोन्ही संघ, एकाच हंगामात, एकाच माणसाकडे. सकाळ एका संघाची, दुपार दुसऱ्याची. अमेरिकेत 1972 च्या टायटल नाइन या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी केली होती, त्यातून मुलींच्या खेळांना पैसे आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या होत्या. महिलांची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा 1982 मध्ये सुरू झाली आणि ती जवळजवळ दरवर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठच जिंकत असे. पुष्कळ ठिकाणी महिला संघ हे कायद्यासाठी पाळलेलं दुय्यम खातं होतं. कार्डिफच्या माजी कर्णधाराने मुलींनाही मुलांच्याच तोलाचा फुटबॉल शिकवला, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हे आहे.

त्यांची पहिली मोठी विद्यार्थिनी गावातलीच. टिफेनी मिलब्रेट पोर्टलंडशेजारच्या हिल्सबरो हायस्कूलची. (हिल्सबरो म्हटलं की आपल्याकडच्या अनेक घरांतले कान टवकारतील, इंटेलच्या नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत.) पाच फूट दोन इंच उंचीची ही मुलगी कॉलेजात 103 गोल करून गेली आणि मिया हॅमच्या विक्रमाशी तिने बरोबरी केली. शॅनन मॅकमिलन कॅलिफोर्नियातून आली. 1995 मध्ये तिला कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हर्मन करंडक, मिळाला.

त्या 1995 च्या हंगामाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. चार्ल्स यांचे दोन्ही संघ, मुलांचा आणि मुलींचा, त्या वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीत पोहोचले. मुलं विस्कॉन्सिनकडून हरली. मुली अंतिम फेरीत गेल्या. समोर नोत्र दाम, म्हणजे त्याच होली क्रॉस संघाचं, पण कितीतरी मोठं आणि श्रीमंत विद्यापीठ. त्यांनी नुकतंच नॉर्थ कॅरोलायनाला हरवून नऊ वर्षांची मक्तेदारी मोडली होती. अंतिम सामन्यात नव्वद मिनिटांत गोल नाही. पहिल्या जादा वेळेत नाही, दुसऱ्या जादा वेळेत नाही. तिसऱ्यात सिंडी डॉझने फ्री किकवरून गोल केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जादा वेळेत गोल झाला की सामना तिथेच संपायचा. दोन तासांहून जास्त खेळून पोर्टलंडच्या मुली एका किकवर हरल्या.

त्यानंतर 1996, 1998, 2000, 2001. दरवेळी उपांत्य फेरी आणि दरवेळी परत. 1994 धरलं तर आठ वर्षांत सहा वेळा शेवटच्या चारांत येऊनही करंडक नाही. कॉलेजच्या नदीकाठच्या मैदानावर वसतिगृहातली मुलं ढोल बडवायची, पावसात भिजत गाव सामन्याला यायचं. या मैदानाला हॅरी मर्लो यांचं नाव आहे. मर्लो हे लाकूड कंपनीचे प्रमुख. टिंबर्स शेवटच्या वर्षांत त्यांच्याच कंपनीच्या मालकीचे होते. ज्या माणसाच्या हयातीत शहरातला व्यावसायिक संघ मिटला, त्याच्याच देणगीतून कॉलेजात फुटबॉलला घर मिळालं.

1998 च्या विश्वचषकात चार्ल्स अमेरिकेच्या पुरुष संघाचे सहायक प्रशिक्षक होते. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकसाठी पुरुष संघ पूर्णपणे त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. ते सिडनीला गेले. लँडन डोनोव्हन, जॉश वुल्फ अशी तरुण पोरं घेऊन त्यांनी गटात कॅमेरूनशी बरोबरी साधली (तेच कॅमेरून पुढे सुवर्ण घेऊन गेलं), जपानला पेनल्टीवर हरवलं. मग स्पेनकडून आणि कांस्यपदकासाठी चिलीकडून पराभव. चौथा क्रमांक.

चौथा क्रमांक आणि ऑस्ट्रेलिया म्हटल्यावर आपल्याला मेलबर्न आठवल्याशिवाय राहत नाही. 1956 च्या तिथल्या ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला. मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. कर्करोगाने शरीर पोखरलेलं असताना त्यांनी 1962 मध्ये जकार्तात भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं आणि 11 जून 1963 रोजी ते गेले. 'मैदान' चित्रपटामुळे आजच्या पिढीला ते थोडे माहीत झाले. चार्ल्स यांच्याबद्दल वाचताना रहीमसाहेब सारखे डोळ्यांसमोर येतात. दोघेही शिकवण्यात रमलेले, दोघांचाही शेवटचा हंगाम सारखाच.

चार्ल्स यांचा तो हंगाम 2002 चा. संघात कॅनडाच्या बर्नबी गावची क्रिस्टीन सिंक्लेअर होती, दुसऱ्या वर्षाला. टिंबर्समधला ब्रायन गँट तिचा मामा. सोळाव्या वर्षी देशाकडून खेळलेल्या या मुलीला पोर्टलंड परकं नव्हतं. 8 डिसेंबरला टेक्सासमधल्या ऑस्टिनला अंतिम सामना झाला तो सँटा क्लाराशी, म्हणजे गतविजेत्यांशी आणि एकाच विभागातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी. नव्वद मिनिटांनंतर 1-1. पोर्टलंडचा गोल सिंक्लेअरचा. पहिली जादा वेळ कोरडी गेली. दुसऱ्या जादा वेळेत सिंक्लेअरने पुन्हा चेंडू जाळ्यात घातला. सात वर्षांपूर्वी ज्या नियमाने पोर्टलंडला घरी पाठवलं होतं, त्याच नियमाने सामना संपला. विद्यापीठाच्या इतिहासात कोणत्याही खेळातलं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

26 ऑगस्ट 2003 रोजी, पुढच्या हंगामाच्या तोंडावर, चार्ल्स गेले. वय 51. थोरला जॉन वर्षभर आधीच गेला होता. सतरा हंगामांत दोन्ही संघांचे मिळून 439 विजय, 144 पराभव, 44 बरोबरी. पुरुष संघ बिल अर्विनकडे आला, कार्डिफचा तोच गोलरक्षक. महिला संघ गॅरेट स्मिथकडे आला. तो चार्ल्स यांचा खेळाडू आणि पुढे सहायक. 2005 मध्ये स्मिथच्या संघाने यूसीएलएला 4-0 असं हरवून पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सिंक्लेअरने त्या एका हंगामात 39 गोल केले, कॉलेजचे एकूण 110, म्हणजे मिलब्रेटपेक्षाही जास्त. पुढे कॅनडासाठी तिने 190 गोल केले. पुरुष असो वा स्त्री, आंतरराष्ट्रीय सामन्यांत इतके गोल कुणाचेच नाहीत.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असतं. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्या एका माणसाने पाठवायचे, प्रमाणपत्रं त्यानेच गोळा करायची. मुंबईत, कोल्हापुरात, गोव्यात व्यावसायिक किंवा बँकांच्या, कंपन्यांच्या संघांतून खेळलेले कितीतरी फुटबॉलपटू पस्तिशीत निवृत्त होतात. त्यांतला प्रत्येक जण शिकवू शकेल असं नाही. पण बाकावर बसून खेळ बघितलेला, न ओरडता शिकवणारा एखादा नक्की असतो. विद्यापीठांनी त्याला शोधावं, पगार द्यावा, एक मैदान द्यावं आणि निदान दहा वर्षं निकाल मागू नयेत. पोर्टलंड विद्यापीठाने चार्ल्स यांना राष्ट्रीय करंडकासाठी सोळा वर्षं दिली होती.

पोर्टलंडच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना एकच सांगणं आहे. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. मैदान नदीच्या उत्तरेच्या उंच काठावर आहे, आणि त्या सगळ्या संकुलाला 2004 पासून क्लाइव्ह चार्ल्स यांचं नाव आहे. मुलींचा सामना असेल त्या दिवशी पोरांना घेऊन जा. पावसाची तयारी ठेवा.